हवाबंदरचे तांबे

कराचीच्या समुद्रकाठच्या बागेतून खाली वाळूवर उतरायला किती पायऱ्या होत्या, यावर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये दर रविवारी सकाळी वाद होत असे. वाद घालणारे चार-पाच जण, सगळे सिंधी, सगळे साठीच्या पुढचे, सगळे फाळणीआधी त्या बागेत फिरायला गेलेले. दाल-पकवानच्या गाडीशेजारी दोन बाकडी टाकलेली असत, त्यांवर ते बसत. कोणी सोळा म्हणे, कोणी वीस. कापडाचे दुकान असलेले आसनदास पंचवीसच्या खाली येत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी हा वाद पहिल्यांदा ऐकला. ठाण्याच्या एका दैनिकाला मी तेव्हा अंबरनाथ-बदलापूरकडच्या बातम्या पाठवत असे. पाणीटंचाईवर कोणी बोलेल म्हणून गाडीपाशी थांबलो होतो. पाण्याचा विषय निघालाच नाही. रस्त्याने खाकी अर्धी पँट घातलेला एक काटक माणूस भराभर चालत येत होता. आसनदासांनी त्याला हाक मारली.

"गंगाराम साईं, तूच सांग. पायरी किती?"

"वाळू काढायच्या आधी, का काढल्यावर?"

"वडी साईं, त्यात काय फरक?"

"आधी चौदा. काढल्यावर एकवीस. पावसाळ्यात आधी नऊ."

बाकड्यावर त्याच्यासाठी जागा केली गेली. तो बसला नाही. चहाचा ग्लास उभ्यानेच घेतला, या पायावरचा भार त्या पायावर टाकत संपवला, आणि अंबरनाथच्या दिशेने निघून गेला. आसनदास म्हणाले, "चालीस साल झाले, मी त्याला बसलेला पाहिला नाही."

गंगाराम तांबे अंबरनाथ पूर्वेला बुद्धविहारामागच्या चाळीत राहत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, पण ते त्यांनी वयाच्या पंचविशीपर्यंत पाहिले नव्हते. जन्म कराचीचा. वडील ती बाग बांधली जात असताना दगड वाहायला गेले आणि बांधून झाल्यावर वाळू काढायला राहिले. तांबे स्वतः दहाव्या वर्षापासून वाळू काढत होते.

कराचीचे जुने लोक त्या बाजूला हवाबंदर म्हणत. साहेबाच्या राज्यात तिथल्या टेकाडावर घुमटाचा मंडप उभा राहिला. दगड जोधपूरहून आला. मंडपापासून समुद्राच्या दिशेने रुंद फरसबंदी, दोन्ही अंगांना कठडे, कठड्यालगत बाके, टोकाला पायऱ्या. बाजूला हिरवळ आणि फुलांचे वाफे. संध्याकाळी बँड वाजे. पुस्तकांत एवढे सापडते. तांबे यांच्या मते मुळात त्या जागी बाग काढणेच चूक होते.

"वारा समुद्रावरून," ते सांगत. "येताना रिकाम्या हातानं येत नाय. रातभर वाळू टाकतो. सकाळी बघाल तर बाग नाहीच. आम्ही उकरून द्यायचो, मग ती व्हायची."

हे काम दहा कुटुंबांकडे होते. उजाडायच्या आत सुरुवात. कोरडी वाळू दांड्याला ठोकलेल्या रुंद फळीने ओढायची, ओली फावड्याने उचलायची, गोणीत भरून पायऱ्यांखाली नेऊन ओतायची. दुसऱ्या दिवशी तीच परत. साडेसातला मुकादम शिटी वाजवी. शिटीनंतर वाळू काढणारा माणूस बागेत दिसता कामा नये. भिंतीत एक अरुंद दार होते, तिथून सगळे बाहेर पडत. भिंतीच्या पलीकडे अकरा खोल्यांची लाईन होती. लहान मूल दमून बाकावर टेकले तरी मुकादम लांबून शिटी वाजवायचा. "ती शिटी कानातून गेली नाय," एवढेच तांबे त्याबद्दल बोलत.

त्यांच्या पत्नी सुभद्राबाई कमी बोलत नसत. "हे घरात पण गस्त घालतात," त्या म्हणत. "जेवतात ते दारात उभं राहून. लग्नाच्या पंगतीत यांना वाढप्याच्या कामाला लावते मी. नाहीतर लोक विचारतात, पाहुणे रुसलेत का?" विहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसले की तांबे दाराशी चपला सरळ करत. चपलांच्या ओळी पायऱ्यांसारख्या लागत.

अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे माळीकाम केले. त्या कारखान्याच्या आवारात काही जगत नसे. चिमणीचा धूर खाली बसला की गुलाबाची पाने कडेने करपत, हिरवळ पिवळी पडे. मॅनेजर पुण्याहून रोपे मागवी आणि महिन्यात ती उपटून टाकावी लागत. तांब्यांनी फाटकापासून कँटीनपर्यंत कण्हेर, करंज आणि झाऊ लावला. तिन्ही वाढले. मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारले, हे शिक्षण कुठे घेतले. तांबे खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "साहेब, समुद्रावर जगतं ते इथं जगतं. दोन्हीकडची हवा खाते." त्या वर्षीच्या कामगार दिनाला त्यांना एक घड्याळ मिळाले. ते साडेसातला थांबले की काय, असे शिटीची गोष्ट ठाऊक असलेले सहकारी चेष्टेने विचारत. तांबे घड्याळ वापरत नसत. ते सुभद्राबाईंनी भिंतीला लावले होते.

फाळणीनंतरची हकिकत ते एका दमात सांगत, आणि सांगताना चालत असत, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही चालावे लागे. एकदा मी अंबरनाथ स्टेशनपासून कॅम्प पाचपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा ऐकली. बागेत आधी गोऱ्या बायका यायच्या थांबल्या, मग बँड, मग संध्याकाळी फिरणारी हिंदू कुटुंबे. लाईनीतली तीन घरे जहाजाने मुंबईला गेली. वाळू काढायला माणसे कमी पडू लागली. "चौदा पायऱ्यांच्या बारा झाल्या. मग अकरा. मी रोज मोजायचो. नऊ राहिल्या त्या दिवशी आईला म्हटलं, चल. पावसाळा नव्हता आणि नऊ."

जहाज मुंबईला लागले. निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, नेतात असे ऐकून ते आईला घेऊन तिथे आले. छावणीच्या कचेरीत रांग होती. कारकुनाने नाव विचारले, भाषा विचारली.

"तो म्हणाला, तू तर मराठी. तू इकडचाच. निर्वासित कसला? गाव कुठलं? मी म्हटलं, रत्नागिरीकडं आहे असं बाप सांगायचा. तो म्हणाला, मग तिकडं जा. म्हटलं, बघितलं नाय कधी. तो म्हणाला, आता बघ."

यादीत नाव आले नाही. छावणीतल्या बराकी झाडायचे काम मात्र मिळाले. त्याच बराकींत आसनदासांचे कुटुंब उतरले होते. एका सकाळी झाडताना तांबे सिंधीत काहीतरी पुटपुटले आणि आसनदासांच्या आईने विचारले, पोरा, तू कुठला? त्या दिवसापासूनची ओळख. आसनदास त्यांना एकेरी हाक मारत, तांबे त्यांना शेठ म्हणत. चाळीस वर्षांत त्यात बदल झाला नाही.

दोघांची भांडणे ऐकण्यासारखी असत. आसनदासांचा एक चुलतभाऊ दुबईहून कराचीला जाऊन आला आणि त्याने सांगितले की समुद्र आता मागे हटवला आहे, पायऱ्यांपुढे भराव आहे, रस्ता आहे, पाण्यापर्यंत बरेच चालावे लागते. आसनदासांनी डोळे पुसले.

तांबे म्हणाले, "आणि वाळू?"

"समंदर गेला म्हणतो मी, आणि तू वाळू विचारतो?"

"समुद्र गेला म्हणून वारा गेला का, शेठ? कोण काढतंय विचारा त्याला."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्प पाचमधल्या सिंधी मंडळींनी समिती काढली. वस्तीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर छोटे उद्यान करायचे, त्यात घुमटाचा मंडप बांधायचा आणि मंडपाच्या आतल्या भिंतीवर कराचीच्या बागेचा नकाशा रंगवायचा. आसनदास अध्यक्ष झाले. माझे पंधरवड्यातून एकदा तिकडे जाणे होई, बातमी दोन वेळा छापून आली. नकाशासाठी अंबरनाथचा एक पेंटर ठरला. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवी. मापे कोण सांगणार, याबद्दल मतभेद नव्हते.

तांबे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते चालत येत आणि पेंटरला पावलांत मापे सांगत. फरसबंदी इतकी पावले, कठड्याला इतके खांब, या वाफ्यात हे झाड, कारण त्याच्या आडोशाला वाळू साठायची. पेंटर त्यांच्या मागे फिरून दमे. "बाबा, जरा एका जागी राहा, मला भिंतीवर काढायचंय, रस्त्यावर नाही."

पहिली अडचण खांबांवरून आली. फरसबंदीच्या दोन्ही कडांना उंच लोखंडी खांब होते, वर आकडे. तांब्यांनी पेंटरला सांगितले, यांवर झेंडे काढ. पेंटरने झेंडे काढले. आसनदास संध्याकाळी दुकान बंद करून बघायला आले आणि तिथेच ओरडले.

"झेंडे? कुठले झेंडे? दिवे होते ते! संध्याकाळी लागायचे, एकामागून एक. पूरी लाईन. तीच तर शान होती!"

दुसऱ्या दिवशी तांब्यांना सांगितले, तर ते हट्टाला पेटले. आठ वर्षे त्या खांबांच्या बुडाची वाळू काढली, एकावरही दिवा पाहिला नाही. लाटसाहेब आला की झेंडे लावत असणार.

"तू संध्याकाळी कधी होतास तिथे?" आसनदासांनी विचारले.

"नव्हतो."

"मग?"

"तुम्ही सकाळी कधी होता, शेठ?"

पेंटरने ब्रश खाली ठेवला. हिशेब सोपा होता, पण तोवर कोणी मांडला नव्हता. तांब्यांची बाग सकाळी साडेसातला संपे. आसनदासांची संध्याकाळी पाचनंतर सुरू होई. शिवाय आसनदास वयाने मोठे. महायुद्ध सुरू होऊन अंधारपट आला तेव्हा दिवे काढून ठेवले गेले, आणि तांबे कामाला लागले ते त्यानंतर. त्याआधी भिंतीपलीकडून बाग दिसत नसे; त्यांनी फक्त आकडे पाहिले होते. झेंडे पुसून दिवे काढण्यात आले. तांब्यांनी ते मान्य केले, पण पेंटरला बजावले, "काचा धूसर काढ. खाऱ्या हवेत काच स्वच्छ राहत नाय."

दुसरी अडचण मोठी होती. समितीच्या बैठकीत तांब्यांनी सांगितले की भिंतीतले दार आणि मागच्या अकरा खोल्या नकाशात यायला हव्यात. बैठक मंडपातच होती. सात-आठ जण सतरंजीवर बसलेले, तांबे खांबाशी उभे.

एक सभासद म्हणाला, "बागेचा नकाशा आहे, बाबा. बागेच्या बाहेरचं कशाला?"

आसनदासही म्हणाले, "गंगाराम, भिंत आठवते मला. वेली होत्या भिंतीवर. मागे काही नव्हतं."

"अकरा खोल्या होत्या."

"मी दहा साल रोज गेलो तिथे."

"दार बंद असायचं, शेठ, तुम्ही यायच्या वेळी. तिथं माझा जन्म झाला. कराचीच्या कागदात आम्ही नाय, इकडच्या यादीत आम्ही नाय. या भिंतीवर पण नको म्हणताय?"

त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकदाच ऐकला. मग आसनदास हळूच म्हणाले, "भिंतीजवळच्या बाकावर माझी आई बसायची नाही. नाकाला पदर लावायची. म्हणायची, समंदरचा वास येतो इथे."

"समुद्राचा नाय. बोंबील भाजायचे आमच्यात, त्या वेळेला."

आसनदास हसले, मग हसायचे थांबले. "पचास साल मी त्याला समंदर समजतोय," ते म्हणाले. पेंटरकडे वळून त्यांनी सांगितले, "काढ. दार काढ, खोल्या काढ. आणि आमच्या बाकांवर आम्ही घराण्यांची नावं लिहितोय ना, कोण कुठे बसायचं? तशी खोल्यांवर पण लिही. गंगाराम, बोल नावं."

पेंटरने खडूने भिंतीवर अकरा चौकोन आखले. तांबे बोलू लागले. एक, आमची. दोन, पवार. तीन, कदम. बोलताना ते चौकोनांच्या समोरून चालत होते. सहापर्यंत ते न थांबता गेले. सातला थांबले.

"सात?" पेंटरने विचारले.

"आठ, जाधव. नऊ, मोहिते. दहा, शिर्के. अकरा, म्हातारी साळवीण."

"आणि सात?"

सातला कुलूप असायचे, ते म्हणाले. त्याआधी, ते अगदी लहान असताना, तिथे एक माणूस होता. दिवसा झोपायचा. आई म्हणायची, पोरांनो, दंगा करू नका, मामा झोपलाय. मग अंधारपट झाला आणि तो दिसेनासा झाला.

"अंधारपटात गेला?" आसनदास उठून उभे राहिले. "उंच होता? काळा?"

"असेल. मी झोपलेलाच बघितला."

"शिडीवाला! वडी, दिवे लावायचा तो! खांद्यावर शिडी घेऊन यायचा. आम्ही पोरं त्याच्या मागे दिवे मोजत जायचो." त्यांनी तांब्यांचा हात धरला. "नाव काय त्याचं?"

"तुम्ही सांगा. तुम्ही जागेपणी बघितलाय त्याला."

"आम्ही शिडीवाला म्हणायचो."

बागेच्या दोन्ही वेळा पाहिलेला तो एकच माणूस असावा. त्याचे नाव दोघांनाही येत नव्हते.

मघाचा सभासद म्हणाला, "मग 'शिडीवाला' लिहा ना. चालेल."

"तुमच्या आजोबांच्या बाकावर 'दुकानवाला' लिहू?" तांब्यांनी विचारले.

सातवा चौकोन रिकामा ठेवून उद्यान खुले झाले. बायका मुलांना घेऊन आल्या, म्हातारी माणसे बाकांवरची नावे शोधून बोट लावून दाखवू लागली. चाळीतून सुभद्राबाई आणि शेजारणी आल्या होत्या. त्यांनी भिंतीमागची नावे मोठ्याने वाचली. भाषण आसनदासांनी केले. ते संपेपर्यंत तांबे तिथून गेलेले होते. लाईनीतल्या पवारांचा मुलगा बदलापूरला असतो असे त्यांना गर्दीतल्या कोणाकडून कळले होते.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी हेच केले, शिडीवाल्याचे नाव शोधत फिरले. पवारांच्या मुलाने सांगितले, भिकाजी. मोहित्यांच्या विधवा सुनेने सांगितले, रावजी, पण तिने ते सासूच्या तोंडून ऐकलेले. कोणी तांब्यांना गावाकडे पाठवले, तिथून ते दोन दिवसांत परत आले. नाव मिळाले की ते कॅम्प पाचला येत, सातव्या चौकोनात खडूने लिहीत आणि समोर येरझाऱ्या घालत. मग पुढच्या घरी जाऊन ते नाव पडताळत. जुळले नाही की येऊन पुसत. आसनदासांनी एकदा त्यांना सांगितले की लिही एक आणि सोड, कोण बघायला येणार आहे? तांब्यांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणे टाकले. नंतर आसनदास स्वतःच सिंधी म्हाताऱ्यांना टपाल धाडू लागले. अजमेरला, इंदूरला, पिंपरीला. उत्तरे येत. सगळ्यांना शिडी आठवत होती.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते एका मार्च महिन्यात, सकाळी. हिरवळ उन्हाने वाळली होती. नकाशा मंडपाच्या आत असल्यामुळे शाबूत होता. तांबे बारीक झाले होते, पाठीत थोडे वाकले होते. सातव्या चौकोनात 'सोनू' लिहिलेले होते आणि ते शर्टाच्या बाहीने पुसत होते.

"हा पण नाही?" मी विचारले.

"हा तीन नंबरच्या कदमांचा साडू. पाहुणा यायचा." त्यांनी बाही झटकली. "तुम्ही कुळगावात राहता ना? तिथं एक म्हातारी आहे म्हणतात, नवरा कराची बंदरावर होता."

ती म्हातारी आमच्या गल्लीच्या टोकाला राहत असे. मी म्हणालो, "तिच्याकडे जाऊन उपयोग नाही. ठार बहिरी आहे. विचारलेलं काही कळत नाही तिला."

"बोलते ना?"

"दिवसभर बोलते. मनाला येईल ते."

"मग कधीतरी ते नाव पण बोलेल," तांबे म्हणाले, आणि खडू खिशात टाकून फाटकाबाहेर पडले.